टोल गेला आणि नाव आलं : सेव्हर्नवरच्या दुसऱ्या पुलाचं प्रकरण

न्यूपोर्टला घर आणि ब्रिस्टलला ऑफिस असलेल्या आमच्यासारख्या लोकांना २०१८ पर्यंत एक हिशोब तोंडपाठ होता. सकाळी मधला सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडून वेल्समधून इंग्लंडात जाताना फुकट, संध्याकाळी घरी येताना टोल. म्हणजे टोल फक्त वेल्समध्ये शिरायचा, बाहेर पडायला कोणी काही मागत नव्हतं, आणि इंग्लिश कलीग यावर जो जोक मारायचे तो तुम्हाला एव्हाना सुचला असेलच (वेल्सची माणसं तोच जोक उलटा मारायची, आत यायचं म्हणजे किंमत मोजायलाच हवी ना). २०१७ ला साध्या कारला ६ पाउंड ७० पेन्स होते. मी सुरुवातीला मनातल्या मनात रुपये करून बघायचो, मग त्रास व्हायला लागला म्हणून सोडून दिलं.

तर हा पूल आणि त्याचं झालेलं नामांतर, त्याचं पूर्ण प्रकरण लिहून काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं. आपल्याकडे पुलाचं, स्टेशनचं, शहराचं नाव बदललं की काय रान पेटतं ते आपल्याला माहितीय, पण बाहेरच्या देशात तेच होताना बाजूला उभं राहून बघितलं की काही गोष्टी जास्त स्पष्ट दिसतात. आपला जीव त्यात अडकलेला नसतो म्हणून असेल.

आधी पूल. सेव्हर्न नदी म्हणायची खरी, पण तिथे ती खाडीच झालेली असते. भरती-ओहोटीच्या पाण्यातला फरक १४ मीटरपर्यंत जातो, जगातल्या सगळ्यात मोठ्या फरकांमध्ये मोजतात तो. ओहोटीला पुलावरून खाली बघितलं तर चिखल आणि काळे खडक, आणि काही तासांनी परत येताना तिथेच तपकिरी पाणी असं धावत असतं की नजर ठरत नाही. अशा ठिकाणी ५ किलोमीटरहून लांब पूल बांधायचा म्हणजे खायचं काम नाही, त्यामुळे १९९२ ला सुरू झालेलं काम १९९६ ला संपलं. मधला ४५६ मीटरचा गाळा केबलवर टांगलाय, त्याच्याखालून खोल पाण्याचा चॅनेल जातो. ५ जून १९९६ ला उद्घाटन झालं ते प्रिन्स चार्ल्सच्या हस्ते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे येतो.

नाव काय ठेवलं होतं? तर ‘सेकंड सेव्हर्न क्रॉसिंग’. म्हणजे सेव्हर्न ओलांडायची दुसरी सोय. बस. इंजिनियरच्या फाईलवर लिहिलेलं नाव तसंच राहून गेल्यासारखं. पहिला पूल थोडा वरच्या अंगाला, तो १९६६ चा, ८ सप्टेंबरला राणी एलिझाबेथने उघडला होता. (ही तारीखपण लक्षात ठेवा.) तो झुलता पूल, दिसायला जास्त देखणा, पण वारा सुटला की उंच ट्रक बंद, जास्त सुटला की सगळंच बंद. दुसऱ्या पुलाला दोन्ही बाजूंनी वारा अडवणारे कठडे आहेत त्यामुळे तो वादळातसुद्धा सहसा चालू असतो. त्यामुळे एम ४ हायवे नव्या पुलावरून गेला आणि जुन्याच्या वाट्याला एम ४८ असा साईड रोलचा नंबर आला.

पैशाचं मॉडेल आपलंच, बीओटी. खाजगी कंपनीने बांधायचा, दोन्ही पुलांचा टोल गोळा करायचा, ठरलेली रक्कम वसूल झाली की सरकारला परत. बीओटी म्हटलं की कोल्हापूरकरांच्या कपाळाला जशी आठी पडते तशीच दक्षिण वेल्सच्या लोकांच्याही पडायची, कारण बावीस वर्षं हा टोल दरवर्षी थोडा थोडा वर चढत गेलेला. शेवटी ८ जानेवारी २०१८ ला पूल सरकारकडे परत आले, व्हॅट उतरला, टोल ५ पाउंड ६० वर आला आणि वर्षाअखेर तो पूर्ण बंद होणार हे आधीच जाहीर झालं होतं. रोज जाणाऱ्याचे वर्षाला १४०० पाउंडपर्यंत वाचणार असं सरकार सांगत होतं. म्हणजे २०१८ च्या सुरुवातीला या पुलाबद्दल लोकांच्या मनात कधी नव्हे ती चांगली भावना होती. मला तर वाटतं त्या पुलाच्या आयुष्यातलं पहिलंच वर्ष असेल जेव्हा लोक त्याला शिव्या देत नव्हते.

आणि त्याच वर्षी, ५ एप्रिलला, लंडनच्या सरकारातले वेल्सचे मंत्री अलन केर्न्स यांनी जाहीर केलं की पुलाचं नाव आता ‘प्रिन्स ऑफ वेल्स ब्रिज’. राणीची संमती आहे, पंतप्रधान थेरेसा मे यांची आहे, झालं. कारण काय तर चार्ल्सला प्रिन्स ऑफ वेल्स हा किताब मिळून ६० वर्षं होतायत, नोव्हेंबरमध्ये तो ७० चा होतोय, आणि पूल त्यानेच उघडला होता.

एप्रिल फूल होऊन चार दिवस झाले होते. मी सकाळी ऑफिसला पोचलो तर पँट्रीत हाच विषय, आणि अर्ध्या लोकांना खरंच वाटत होतं की कोणीतरी उशिरा केलेली मस्करी आहे. थोड्याच दिवसात विरोधाच्या ऑनलाईन पिटीशनवर ३०,००० च्या वर सह्या झाल्या. वेल्सची लोकसंख्या साधारण ३० लाख, म्हणजे शंभरात एक धरा. आकडा फार मोठा नाही, पण एका पुलाच्या नावासाठी कमीही नाही.

खरं सांगायचं तर मला आधी कळेचना की एवढं चिडायचं काय त्यात. नाव तर वेल्सचंच आहे की. ‘वेल्सचा राजपुत्र’. आमच्या टीममध्ये एक केअरफिलीकडचा पक्का वेल्श माणूस आहे, त्याला मी हे बोलून दाखवलं. तो कपात टीबॅग दाबत होता, त्याने ती आणखी जोरात दाबली आणि म्हणाला, तुझ्या शहरात जनरल डायर चौक आहे का रे? मी म्हटलं जरा जास्तच होतंय हे. तो म्हणाला, जास्त होतंय ते कबूल, पण बाराशे ब्याऐंशी काय ते वाच आणि मग बोल.

मग वाचलं. वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजपुत्र लेवेलिन (हा उच्चार चुकीचा आहे, त्यांचा तो डबल एलचा आवाज दहा वर्षांत मला जमलेला नाही) ११ डिसेंबर १२८२ ला इंग्रजांशी झालेल्या लढाईत मारला गेला. जिंकणारा राजा पहिला एडवर्ड. त्याने वेल्सभर किल्ले बांधले आणि १३०१ ला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ हा किताब आपल्या पोराला देऊन टाकला. आपल्याकडे किल्ला घेतला की किल्लेदार बदलायचा, यांनी किताबच उचलून नेला. १४०० साली ओवेन ग्लिनडूरने बंड केलं तेव्हा त्याच्या माणसांनी त्याला पुन्हा हाच किताब दिला, काही वर्षं त्याने इंग्रजांना सळो की पळो करून सोडलं, मग ते बंड विझलं आणि तेव्हापासून हा किताब इंग्लंडच्या गादीच्या थोरल्या मुलाकडेच. म्हणजे जो शब्द मला वेल्सचा मान वाटत होता तो तिथल्या काही लोकांना वेल्स हरल्याची पावती वाटतो.

हे सगळं सातशे वर्षांपूर्वीचं, आता कोण लक्षात ठेवतंय असं म्हणता येतं, पण मधली एक जखम तशी ताजी आहे. १९६५ ला ट्रिवेरिन खोऱ्यातलं कॅपेल केलिन नावाचं वेल्श बोलणारं गाव लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी धरणाखाली गेलं. त्या बिलाच्या बाजूने वेल्सच्या एकाही खासदाराने मत दिलं नव्हतं, तरी ते पास झालं. धरणात गाव गेलेल्या माणसांना यातलं दुःख समजावून सांगायची गरज नाही. त्यानंतर चारच वर्षांनी, १ जुलै १९६९ ला, चार्ल्सला आधीच मिळालेला किताब समारंभाने बहाल करायचा कार्यक्रम झाला आणि तो कुठे, तर त्याच पहिल्या एडवर्डने बांधलेल्या कार्नार्व्हनच्या किल्ल्यात. आदल्या रात्री अबरगेलीला दोन वेल्श तरुण स्वतःजवळचाच बॉम्ब फुटून मेले. म्हणजे हा वाद पुलापासून सुरू झालेला नाही, पूल फक्त त्याच्या वाटेत आला.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर वाटेल सगळा वेल्स तलवार काढून बसलाय. तसं काही नाही. चार्ल्सने त्या कार्यक्रमाआधी अबरिस्टविथच्या युनिव्हर्सिटीत एक टर्म राहून वेल्श भाषा शिकायचा प्रयत्न केला होता, भाषण वेल्शमध्ये केलं होतं, नंतर तिकडे घरही घेतलं. बऱ्याच लोकांना तो मनापासून आवडतो. आमच्या शेजारच्या आजीबाईंकडे त्याच्या आणि डायनाच्या लग्नाचा मग आहे, त्यात त्या पेन्सिली ठेवतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, नाव छान आहे, त्याला मिळायलाच हवं होतं, पण मी काय ते म्हणणार नाही बाबा, मी ‘द न्यू ब्रिज’च म्हणणार, आता या वयात जीभ कुठे वळवू. या प्रकरणातलं सगळ्यात शहाणं वाक्य मला तेच वाटतं.

राजघराण्याचं नाव दिलं म्हणून भांडण झालं असं म्हणावं तर तेही टिकत नाही. लंडनजवळ डार्टफर्डचा पूल १९९१ पासून राणी एलिझाबेथच्या नावाने आहे, कोणाला काही वाटत नाही. स्कॉटलंडचं उदाहरण तर अगदी शेजारचं. एडिनबर्गजवळ नवा पूल बांधताना तिथल्या सरकारने २०१३ ला लोकांपुढे काही नावं ठेवली आणि मत मागितलं, त्यात ‘क्वीन्सफेरी क्रॉसिंग’ जिंकलं. त्यातही राणी आहेच, अकराव्या शतकातली राणी मार्गारेट, जिने यात्रेकरूंसाठी नावेची सोय केली म्हणून त्या गावाला ते नाव पडलं. आणि स्कॉटलंडमध्ये राजघराण्यावर फुलं उधळणारे लोक वेल्सपेक्षा जास्त आहेत अशातला भाग नाही. पण २०१७ ला पूल उघडला तेव्हा नाव आधीच तोंडात बसलेलं होतं, उघडायला खुद्द राणी आली आणि कुठे चिडचिड नाही.

वेल्समध्ये विचारलंच नाही. पूल कोणाचा हे इथे कळीचं आहे. पुलाचा एक पाय वेल्समध्ये रोवलाय पण सातबारा लंडनच्या नावावर. १९९६ ला वेल्सची स्वतःची असेंब्लीसुद्धा नव्हती, ती १९९९ ला आली. लंडनवाल्यांचं म्हणणं होतं की आम्ही कार्डिफच्या सरकारला कळवलं होतं आणि त्यांनी आक्षेप घेतला नाही. आता ‘आक्षेप नाही’ आणि ‘होय’ यात किती अंतर असतं ते ज्याने कधी सोसायटीची मीटिंग अटेंड केलीय त्याला सांगायला नको. लोकांची मतं मागवायची, दोनचार पर्याय द्यायचे, महिनाभर थांबायचं, एवढं केलं असतं तरी कदाचित हेच नाव निघालं असतं, कोण जाणे. माझा तो केअरफिलीवाला म्हणतो की ठेवायचंच होतं तर नाय बेव्हनचं ठेवायचं. (नाय म्हणजे आपलं नाही नव्हे, अनायरिनचं लाडकं रूप. १९४८ ला एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू करणारा मंत्री, इथल्याच कोळसा खाणीतून वर आलेला.) तसं मत द्यायची सोय असती तर तो हरला असता तरी गप्प बसला असता असं मला वाटतं. बरं, गप्प बसला नसता, पण कमी बोलला असता.

टायमिंगचा घोळ मला सगळ्यात जास्त खटकतो. सरकारच्या हातात त्या वर्षी एकच सोन्यासारखी गोष्ट होती, टोल बंद. ती द्यायची, लोक खूष, विषय संपला. तिच्या आधी आठ महिने हे नामांतर काढून त्यांनी स्वतःच्याच बातमीवर पाणी ओतलं. काही लोकांना तर वाटलं की टोलमाफीच्या आनंदात नाव सहज खपून जाईल असा हिशोब असणार. असेल नसेल, पण घडलं उलटं, नावाने टोलमाफीची चव घालवली.

२ जुलै २०१८ ला, म्हणजे १९६९ च्या त्या कार्यक्रमाला ४९ वर्षं आणि वर एक दिवस झाल्यावर, छोटेखानी कार्यक्रमात चार्ल्स आणि कॅमिलाच्या उपस्थितीत अधिकृत नामकरण झालं. मोठा गाजावाजा नाही, गर्दी नाही. ज्या माणसाचा सन्मान करायचा त्याच्यासाठी असा गपचूप उरकलेला कार्यक्रम बघून मला त्याचीच दया आली. त्याने काही मागितलं होतं असं दिसत नाही, आणि पदरात पडलं काय तर पाटी आणि सोबत तीस हजार लोकांचा नकार.

वेल्शमध्येही नाव आलं, पॉन्ट तुवुसोग कम्री. इथे सगळं दोन भाषांत लागतं आणि ते चांगलंच आहे. पॉन्ट म्हणजे पूल. जुन्या पुलाला वेल्शमध्ये पॉन्ट हाव्रेन म्हणतात, कारण सेव्हर्नचं वेल्श नाव हाव्रेन. आणि गंमत म्हणजे दंतकथेत हाव्रेन ही एका राजाची मुलगी, जिला सूडापोटी या नदीत बुडवलं आणि मग नदीला तिचं नाव पडलं. म्हणजे राजघराण्यातलं माणूस पुलाच्या नावात आधीपासून होतंच की! फक्त ती बिचारी नदीत होती आणि तिच्यासाठी कोणी पाटी लावली नाही.

१७ डिसेंबर २०१८, सोमवार. टोलनाके हटवायला शनिवार-रविवार येणारी बाजू बंद होती, सोमवारी उघडली. त्या संध्याकाळी घरी येताना पूल संपला आणि रोजीएटचा नाका आला तेव्हा माझा पाय आपोआप ब्रेकवर आणि हात गियरच्या मागच्या खणात, जिथे मी टोलची नाणी ठेवायचो. पुढचा, मागचा, बाजूचा, सगळ्यांचंच तसं झालं असणार कारण नाका नसताना तिथे रांग लागली होती. दोन पाउंडाची तीन नाणी पुढे कितीतरी महिने त्या खणात पडून होती.

आता या प्रकरणाचा जो भाग २०१८ ला कोणाच्याच लक्षात आला नव्हता तो. ८ सप्टेंबर २०२२ ला राणी एलिझाबेथ गेली. तिने जुना पूल उघडला त्याला त्याच दिवशी बरोब्बर ५६ वर्षं झाली होती. चार्ल्स राजा झाला आणि दुसऱ्याच दिवशीच्या भाषणात त्याने विल्यमला प्रिन्स ऑफ वेल्स केल्याचं सांगितलं. झालं! ज्याच्या सन्मानासाठी पुलाला नाव दिलं तो चार वर्षांत त्या नावातून निघून गेला आणि पूल परस्पर दुसऱ्याच्या नावावर चढला, जो १९९६ ला शाळेत होता आणि ज्याचा या पुलाशी संबंध काय तर तोही बहुतेक कधीतरी त्यावरून गेला असेल. चार्ल्सचं नाव हवं होतं तर ‘चार्ल्स’ म्हणायला पाहिजे होतं. किताब ही खुर्ची असते, आज एक बसतो उद्या दुसरा. सत्तरीला आलेल्या माणसाची आई नव्वदीच्या पुढे असताना ही खुर्ची लवकरच रिकामी होणार हे कळायला ज्योतिषी नको होता.

आणि हे मुंबईकरांना विचारायला हवं होतं त्यांनी. आपलं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम! ११ नोव्हेंबर १९०५ ला ज्याने त्याची पायाभरणी केली तो प्रिन्स ऑफ वेल्स पुढे पाचवा जॉर्ज झाला, पण काळा घोड्याच्या फुटपाथवर उभं राहून दहा जणांना विचारा की हा कुठला प्रिन्स, मला नाही वाटत दोघांनाही सांगता येईल. किताब राहिला, माणूस गळून पडला. १९९८ ला आपण ते बदलून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय केलं. आपण जे नाव उतरवलं तेच वीस वर्षांनी ज्या देशाचं ते नाव आहे त्याच देशात चढवलं गेलं आणि तिथल्याच लोकांना ते नको होतं, हे मी केअरफिलीवाल्याला सांगितलं तर तो इतका हसला की आता दर ख्रिसमस पार्टीला मला ते पुन्हा सांगायला लावतो.

पण तोंडाची सवय ही वेगळीच चीज आहे आणि तिथे मी त्यांना फार बोलू शकत नाही. मी मूळचा पुण्याचा. आमचा लकडी पूल कागदावर छत्रपती संभाजी पूल आहे. लाकूड जाऊन पिढ्या झाल्या, नाव मोठं, ज्यांचं आहे त्यांच्याबद्दल पुणेकराच्या मनात आदर तर विचारूच नका, तरी रिक्षावाल्याला सांगताना तोंडातून लकडी पूलच येतं. शनिवारवाड्याजवळचा नवा पूल तसाच. तो छत्रपती शिवाजी पूल, १९२० च्या दशकातला, म्हणजे शंभर वर्षांचा म्हातारा, आणि आम्ही त्याला अजून नवाच म्हणतो. यात कोणी अपमान शोधत नाही. वेल्समध्ये मात्र काही लोक ‘सेकंड क्रॉसिंग’ मुद्दाम, दात आवळून म्हणतात, आणि आमच्या आजीबाई तेच काम सवयीने करतात. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही.

रस्त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डवर वादळाच्या दिवशी जे येतं ते तर आणखी कोरडं, एम ४८ बंद, एम ४ चालू. परवाच्या वाऱ्यात असाच बोर्ड लागला होता. बायकोचा फोन आला, कुठल्या पुलावरून येतोयस, जुना बंद आहे म्हणतायत. मी म्हटलं, नव्या.